लॅपटॉप बंद होईना: सहा आठवड्यांचा हिशेब

माझ्या लॅपटॉपनं चालू व्हायला कधी कुरकुर केली नाही. बंद व्हायचं मात्र त्याच्या जिवावर यायचं. १९ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर २०२५ असे सहा आठवडे यात गेले. ते कसे गेले ते लिहून ठेवतोय, कारण असाच काळा पडदा बघत बसलेलं अजून कुणीतरी असणारच.

मी सेलू तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर आहे. संगणकाचा माणूस नाही. एमएस-सीआयटी केलंय, तेवढंच. लॅपटॉप २०१७ साली परभणीत घेतलेला. सातव्या पिढीचा आय-५, आठ जीबी रॅम, आणि दुकानदारानं मोठ्या कौतुकानं सांगितलेलं 'दोन जीबीचं ग्राफिक कार्ड'. त्या कार्डाचे चार हजार जास्त मोजले होते. आठ वर्षांत त्यावर एक गेमसुद्धा खेळलो नाही. त्याच कार्डानं पुढं माझा खेळ केला.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत आधार, म्हणजे कंपनीकडून येणारे सुरक्षा-अपडेट, संपला. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमचा एका पिढीनं नापास. चालणारा लॅपटॉप भंगारात घालायला मन होईना. पुतण्या नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. तो दिवाळीला आला आणि म्हणाला, "काका, लिनक्स मिंट टाकू. तुमचं सगळं काम ब्राउझरमधीच तर चालतंय." लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टम. त्याचं म्हणणं खरं होतं. यू-डायस, पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं ब्राउझरमधलं. वसुबारस होऊन गेली होती, घरात फराळाचा वास, आणि आम्ही दोघं पेनड्राइव्ह लावून बसलो. मिंट २२.२, आतला कर्नल ६.१४ (कर्नल म्हणजे काय ते पुढं सांगतो). पेनड्राइव्हवरून सुरू करताना पहिल्यांदा पडदा फुटल्यासारखा दिसला म्हणून त्यानं 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडला. तासाभरात काम झालं, रिस्टार्टही नीट झालं. या गोष्टीत पुढच्या सगळ्या भानगडीचं उत्तर होतं, पण त्या दिवशी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

रात्री शटडाउन दिलं. मिंटचं चिन्ह आलं, पडदा काळा झाला, आणि पंखा चालूच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पॉवरचा दिवा जळतोय. शेवटी बटण दाबून धरलं तेव्हा कुठं गप झाला. दुसऱ्या दिवशी तेच, लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही तेच.

पुतण्या भाऊबीज करून नांदेडला गेला आणि मी एकटा पडलो. फोनवर त्यानं सांगितलं, "कर्नलचा काहीतरी लोच्या असंल." हे हिच्या कानावर गेलं. फौजेतला कर्नल आपल्या लॅपटॉपमध्ये कसा आला, हे तिला दोन दिवस सांगत होतो. कर्नल म्हणजे संगणकाचा मुकादम: हार्डवेअर आणि आपले प्रोग्रॅम यांच्या मधे उभा राहून कामं वाटून देणारा. तेव्हापासून रोज रात्री आमच्या घरात एकच प्रश्न: "झोपला का कर्नल?"

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या आठवड्यात खरा दणका बसला. रात्री शटडाउन देऊन झाकण मिटलं आणि बंद झालाच असेल असं धरून लॅपटॉप पिशवीत टाकला. सकाळी शाळेत पिशवीत हात घातला तर लॅपटॉप भाकरीच्या तव्यासारखा तापलेला, बॅटरी शून्य. शेजारच्या पुस्तकाचं प्लास्टिकचं कव्हर वाकडं झालेलं. तेव्हा पहिली सूचना हीच, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल: मशीन बंद होत नसेल तर पंखा थांबलाय आणि दिवा विझलाय हे बघितल्याशिवाय ते पिशवीत घालू नका.

ज्याला त्याला विचारलं. सप्टेंबरात आमच्याकडं जो पाऊस झाला तो सगळ्यांच्या डोक्यात ताजा होता, त्यामुळं "ओल लागली असंल" हे निदान सगळ्यात लोकप्रिय ठरलं. एकानं तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं. ठेवला नाही, पण एक रात्र तो विचार केला होता हे कबूल करतो.

८ नोव्हेंबरला, शनिवारी, एक किरकोळ रजा टाकली आणि सकाळच्या मराठवाडा एक्स्प्रेसनं छत्रपती संभाजीनगर गाठलं. जाऊन-येऊन तिकीट दीडशेच्या आत, रिक्षा वेगळी. दुरुस्तीच्या दुकानात दोन तास बसवून घेतलं. तपासणी फी ५०० रुपये. निदान: "सर, एकतर लिनक्स काढा, नाहीतर मदरबोर्ड बदला. साडेनऊ हजार." मी विचारलं, मदरबोर्ड खराब असता तर दिवसभर नीट चाललाच नसता ना? पोरगा म्हणाला, "आसं होतंय कधीकधी." परतीच्या गाडीत जालना येईपर्यंत साडेनऊ हजार देऊन टाकावेत असं वाटत होतं. परतूर गेल्यावर वाटलं, नको. दिवसभर नीट चालतो, फक्त शेवटच्या मिनिटाला अडतो, तर त्या शेवटच्या मिनिटात काय होतं ते आधी बघू.

घरी येऊन जुन्या हजेरीच्या वहीची कोरी पानं घेतली. तारीख, काय बदललं, बंद झाला की नाही, असे तीन रकाने आखले. एका वेळी एकच बदल, असं ठरवलं. हे मोडलं की गोंधळ होतो. मी दोनदा मोडलं आणि दोन्ही वेळा अख्खी संध्याकाळ वाया गेली.

पहिलं काम म्हणजे मशीनला बोलतं करणं. काळ्या पडद्यामागं कर्नल काहीतरी सांगत असतो, पण चिन्हानं ते झाकलेलं असतं. लॅपटॉप सुरू होताना एस्केप एकदाच दाबायचं (सारखं दाबलं तर भलत्याच काळ्या पानावर जाऊन पडाल), म्हणजे ग्रबची (सिस्टम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) यादी येते. वरच्या ओळीवर 'ई' दाबायचं. 'लिनक्स' शब्दानं सुरू होणारी लांबलचक ओळ असते, तिच्या शेवटी 'क्वायट स्प्लॅश' लिहिलेलं असतं. ते दोन शब्द खोडायचे आणि एफ-१० दाबायचं. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच राहतो, त्यामुळं भिण्यासारखं काही नाही. (या लेखातल्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय; टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.)

त्या रात्री बंद करताना पहिल्यांदा अक्षरं दिसली. एक ओळ म्हणत होती की अमुक सेवा (पडद्यामागं चालणारा प्रोग्रॅम) थांबवण्याचं काम चालू आहे, आणि पुढं घड्याळ: दीड मिनिटापर्यंत. चोर सापडला असं वाटलं. ती प्रिंटर शोधणारी सेवा निघाली. एखादी सेवा थांबेना तर तिची ९० सेकंद वाट बघायची आणि मग जबरदस्तीनं मारायची, असा सिस्टमडीचा, म्हणजे सेवा सुरू-बंद करणाऱ्या कारभाऱ्याचा, मूळ नियम आहे. मी तो १५ सेकंदांवर आणला. घड्याळ लवकर संपलं, पुढच्या ओळी आल्या, आणि गाडी पुन्हा तिथंच अडली. तो चोर नव्हता, वाटेत उभा असलेला बघ्या होता. यात चार दिवस गेले. तुम्हाला दीड मिनिटाचं घड्याळ दिसलं आणि त्यानंतर मशीन बंद झालं, तर तुमचा आजार निराळा आणि किरकोळ आहे. घड्याळानंतरही पंखा फिरत राहिला तर पुढं वाचा.

पुतण्यानं लॉग बघायला सांगितला. 'जर्नलसीटीएल -बी -१' लिहिलं की मागच्या वेळचा सगळा जमाखर्च दिसतो. पण शेवटचं पान कोरं! हे समजायला मला वेळ लागला. बंद होताना नोंदी लिहिणारा कारकूनसुद्धा आधीच घरी जातो आणि डिस्कचं दप्तर मिटतं; त्यानंतर जे घडतं ते कुणी लिहूनच ठेवत नाही. ते फक्त पडद्यावर दिसतं. म्हणून मोबाइल उशीला टेकवून व्हिडिओ लावला आणि नंतर एकेक चित्र थांबवून वाचलं. सगळ्या फाइल सिस्टम सुटल्या, ठीक. मग खाली ही ओळ: नूव्हो, पत्ता ०१:००.०, 'डी३कोल्डमधून डी०मध्ये नेता येत नाही, उपकरण हाती लागत नाही.' त्यानंतर अमुक नंबरचा सीपीयू इतके सेकंद अडकला, अशा तक्रारी एकापाठोपाठ.

या ओळीतून दोन गोष्टी कळल्या. एक दिलासा: फाइली आधीच सुखरूप मिटलेल्या होत्या, म्हणजे बटण दाबून मारल्यानं या टप्प्यावर तरी नुकसान होत नव्हतं. दुसरी म्हणजे पत्ता. ०१:००.० म्हणजे ते चार हजारांचं कार्ड.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण हे समजलं आणि माझी भीती गेली. अशा लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स दोन असतात. एक इंटेल प्रोसेसरच्या पोटातलं, रोजची भाजी-भाकरी करणारं. दुसरं एन्व्हिडियाचं, माझं ९४०एमएक्स, जड कामापुरतं. काम नसलं की काही सेकंदांत ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) त्या दुसऱ्याला झोपवतो, बॅटरी वाचावी म्हणून. डी० म्हणजे जागं. डी३कोल्ड म्हणजे वीज तोडून गाढ झोप. मिंटमध्ये सुरुवातीला जो ड्रायव्हर येतो त्याचं नाव नूव्हो (nouveau), फ्रेंचमध्ये 'नवा'. तो स्वयंसेवकांनी कार्डाचं वागणं बाहेरून निरखून लिहिला, २०१०च्या २.६.३३पासून तो कर्नलमध्ये आहे. आता गंमत बघा. शटडाउन दिलं की कर्नल एकेका उपकरणाला 'बंद हो' सांगतो, आणि झोपलेलं असेल तर त्याला आधी उठवतो. झोपलेल्याला उठवायचं, कशाला, तर आता झोप म्हणून सांगायला! माझं कार्ड झोपायचं नीट, उठायचंच नाही. कर्नल त्याच्या उशाशी हाका मारत बसायचा आणि तिकडं पंखा फिरत राहायचा. कार्डाची वीज तोडायची-जोडायची कळ लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीनं बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, बसवलेली असते. ती विंडोजपुरती तपासली गेली असावी असा माझा अंदाज आहे. म्हणून एकट्या ड्रायव्हरला दोष देत नाही.

आता आधीच्या सगळ्या खुणा जागेवर बसल्या. 'कम्पॅटिबिलिटी मोड'मध्ये 'नोमोडसेट' नावाचा शब्द लावलेला असतो, त्यानं नूव्हो कामालाच लागत नाही. म्हणून त्या दिवशी रिस्टार्ट नीट झालं होतं. आणि एकदा सिस्टमची माहिती दाखवणारं पान उघडताना लॅपटॉप मधेच गोठला होता, ते मी जुनेपणावर ढकललं होतं. ते पान उपकरणांची यादी मागतं आणि यादी मागताना कार्डाला उठवावं लागतं. १६ नोव्हेंबरला, रविवारी, खात्री करून घेतली: सगळ्या फाइली बंद केल्या, टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' लिहिलं, एंटर मारलं. गोठला. आजार बंद होण्याचा नव्हताच, उठण्याचा होता. तो रोज दिसायचा तेवढा रात्री. त्या रात्री मला जेवण गोड लागलं.

अजून एक पुरावा. लॅपटॉप अडकला की ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून अक्षरं दाबायची एक जुनी युक्ती आहे: एस म्हणजे डिस्कवर लिहून टाक, यू म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरती कर, बी म्हणजे ताबडतोब रिस्टार्ट, ओ म्हणजे बंद. मिंटमध्ये ही चार अक्षरं मूळ मांडणीतच चालतात. काही कीबोर्डांवर एफएनसुद्धा धरावं लागतं. माझ्याकडं ओ दाबलं की काहीच होत नव्हतं, बी दाबलं की तत्काळ रिस्टार्ट. कारण ओ सगळ्या उपकरणांना निरोप देत जातो आणि त्याच कार्डापाशी अडतो; बी कुणालाच निरोप देत नाही. बटण दाबून धरण्याआधी एस, यू, बी करा, आणि ग्रबची यादी दिसली की मग बटण दाबा. डिस्कला तेवढंच बरं.

मग उपाय. वहीतल्या नोंदी अशा. ग्रबच्या त्याच लांबलचक ओळीच्या शेवटी 'रीबूट=एसीपीआय' आणि 'रीबूट=ईएफआय' लावून बघितलं, फरक नाही. 'नोमोडसेट' लावलं: बंद होतो, पण पडदा ढोबळ दिसतो आणि उजेड कमी-जास्त होत नाही. 'नूव्हो.मोडसेट=०' लावलं: बंद होतो आणि पडदाही नीट! ईटीसी फोल्डरमधल्या डीफॉल्ट फोल्डरमधल्या ग्रब नावाच्या फाइलीत 'क्वायट स्प्लॅश'च्या पुढं ते कायमचं लिहिलं, 'सुडो अपडेट-ग्रब' दिलं. ही फाइल बदलण्याआधी तिची एक प्रत काढा आणि टाइमशिफ्टमधून अख्ख्या सिस्टमची नोंद घ्या. टाइमशिफ्ट मिंटमध्ये असतंच. जिंकलो असं समजून पुतण्याला फोनसुद्धा केला.

तीन दिवसांनी ध्यानात आलं की बॅटरी तीन तासांऐवजी पावणेदोन तासांतच मान टाकतेय आणि डावी बाजू सदा कोमट. कार्डाला सांभाळणारा ड्रायव्हरच काढून घेतल्यावर त्याला झोपवणार कोण? ते बिनकामाचं जागं बसून वीज खात होतं. 'नूव्हो.रनपीएम=०' म्हणजे 'झोपवूच नकोस' हाही उपाय करून बघितला; बंद होतो, बॅटरीचं रडगाणं तेच. ज्यांचा लॅपटॉप कायम चार्जरवर असतो त्यांनी इथंच थांबावं, खरंच. आमच्या शाळेत दुपारी वीज असेलच असं नाही, म्हणून मी पुढं गेलो.

२३ नोव्हेंबरला मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून एन्व्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर, ५३५ क्रमांकाचा, घ्यायचं ठरवलं. नूव्हो बंद असतानाच हे करा, नाहीतर मधेच कार्डाला हाक गेली की मशीन गोठेल. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा त्यातच संपला, वरून १९ रुपयांचं जादा पॅक. मधेच एक पासवर्ड विचारला. तो काय म्हणून, हे न वाचता मी टाकला. रिस्टार्ट झाल्यावर निळ्या पानावर दहा सेकंदांचं उलटं घड्याळ लागलं, आणि मी नेमका चहा आणायला उठलो होतो. ड्रायव्हर चालेना. सिक्युअर बूट चालू असेल तर बाहेरून आलेल्या ड्रायव्हरची सही मशीनला ओळखून द्यावी लागते, ते हेच निळं पान. मॉक म्हणतात त्याला. चुकलं तर 'मॉकयूटिल'नं सही पुन्हा रांगेत लावता येते. तो पासवर्ड कागदावर लिहा, निळ्या पानावर पटकन कुठलंही बटण दाबा, 'एनरोल मॉक' निवडा, पासवर्ड द्या. आणि चहा आधी पिऊन घ्या.

मधला आठवडा निवडणुकीच्या ड्युटीच्या प्रशिक्षणात गेला, लॅपटॉपकडं बघणंच झालं नाही.

३० नोव्हेंबरला शेवटची पायरी. नवा ड्रायव्हर आला तरी माझ्या कार्डाच्या पिढीला तो चालू मशीनमध्ये आपोआप गाढ झोपवू शकत नाही. ती सोय पुढच्या पिढ्यांना आहे. त्यामुळं बॅटरीचं दुखणं कायम होतं. उपाय खाली उजवीकडच्या चिन्हातच होता: 'इंटेल, पॉवर सेव्हिंग' निवडायचं आणि रिस्टार्ट करायचं. टर्मिनलवाल्यांसाठी 'सुडो प्राइम-सिलेक्ट इंटेल'. आता सुरू होतानाच दुसरं कार्ड यादीतून काढून टाकलं जातं. ग्रबमधला माझा जादा शब्दही काढून टाकला. 'एलएसपीसीआय' दिलं तर गोठला नाही, पण यादीत कार्डच दिसेना. छातीत धस्स झालं, मेलं की काय! मेलं नव्हतं, यादीत नसणं हेच त्या मोडचं काम. जे यादीत नाही त्याला उठवायला कुणी जात नाही.

शटडाउन दिलं. मोबाइलवर वेळ लावून ठेवली होती: सात सेकंद. पंखा थांबला, दिवा विझला. वहीत तिसऱ्या रकान्यात 'बंद झाला' लिहिलं, नंतर लागोपाठ दहा वेळा चालू-बंद करून दहाही नोंदी केल्या. बॅटरी पुन्हा तीन तासांवर गेली. शाळेतला प्रोजेक्टरही चालतो, कारण माझ्या लॅपटॉपचं एचडीएमआयचं तोंड इंटेलला जोडलेलं आहे. काही लॅपटॉपांत ते दुसऱ्या कार्डाला जोडलेलं असतं. तिथं इंटेलवर गेलात तर प्रोजेक्टर बंद पडेल. परिपाठाच्या आधी घरीच तपासा.

खर्च: तपासणी ५००, प्रवास आणि रिक्षा मिळून ३००च्या आसपास, पेनड्राइव्ह ३५०, डेटा १९, आणि एक किरकोळ रजा. बायॉसचं अपडेट करायचं राहून गेलंय. कंपनी ते विंडोजमधून चालवायच्या फाइलीतच देते, आणि ते चालू असताना वीज गेली तर बोर्डच जातो, म्हणून हात लावला नाही.

डिसेंबरात कर्नलचं अपडेट आलं. प्रत्येक नव्या कर्नलसाठी एन्व्हिडियाचा ड्रायव्हर पुन्हा बांधला जातो, आणि आमच्या म्हाताऱ्या प्रोसेसरवर त्याला दहाएक मिनिटं लागतात. पट्टी हलत नाही म्हणून मधेच बंद करू नका. जुना कर्नल ग्रबमधल्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये शिल्लक असतो, तो महिनाभर तरी काढू नका. अपडेटनंतर पहिल्यांदा शटडाउन दिलं तेव्हा मी पंख्याला कान लावून बसलो होतो. आतून नेहमीचा प्रश्न आला. आठ सेकंद लागली होती, एक जास्त. "झोपला," म्हणालो, आणि वहीत आठ लिहिले.